बहुतेक

मिसूरी नदीकाठच्या एका गावात,
हार्डवेअरच्या दुकानाबाहेर,
त्या पोरानं क्लिपबोर्ड पुढे केला:
"मॅडम, न्याय्य नकाशासाठी सही. अर्धं मिनिट."

विल्मा ट्राउटवाइननं खिळ्यांची पिशवी
गाडीच्या बॉनेटवर ठेवली.
एकतीस वर्षं शाळेची बस हाकलेली बाई;
रेल्वेचं रिकामं फाटकही तिनं
कधी अर्ध्या मिनिटात ओलांडलं नव्हतं.

"न्याय्य कुणासाठी?
मथळा नको, सगळा मसुदा दाखव."

पोरगा चाचपडला. चार पानांखाली
नकाशा दुमडलेला होता.
ती वाचू लागली, ओठ हलवत, ओळ न ओळ.
मागे दोघं ताटकळले. एक निघून गेला.

"सहीमागे किती मिळतात रे?"
"चार डॉलर."
खरं बोलला. हे तिला आवडलं.

मग तिचं बोट नकाशावर टेकलं.
रेघ थेट तिच्या बसच्या रस्त्यावरून:
लिंडक्विस्ट भावंडांचा थांबा इकडे,
त्यांचीच शाळा तिकडे.
बांध कोरणारे सगळीकडे सारखेच,
इथे फक्त नांगर दिसत नाही.

"ही रेघ आत्ताची, का तुमची?"
"आत्ताची. आम्ही ती बदलणार... बहुतेक."

त्या 'बहुतेक'पाशी
उघडलेलं पेन तिनं पुन्हा मिटलं.

"एक प्रत दे. रात्री वाचते.
उद्या इथंच असशील?"
"उद्या दुसऱ्या गावात."
"मग गावाचं नाव सांग," विल्मा म्हणाली,
"रस्ते मला ठाऊक आहेत."