बारानंतरची बिलं

आमच्याकडे चुकांची वही वेगळी नाही.
कोड जिथे, तिथेच, त्याच फोल्डरात
एकेका फाइलीत एकेक चूक.
कुणी प्रत घेतली की
काम आणि कामातले दोष
एकाच डब्यातून घरी जातात.

क्रमांक देणं पहिल्याच आठवड्यात सोडलं.
माझी एक्केचाळीसावी चूक जीएसटीची,
ज्ञानदाची एक्केचाळीसावी प्रिंटरची;
एका घरात एकाच नावाच्या दोन सुना.
आता त्यांची नावं यंत्रच ठेवतं, 
ना अर्थ, ना उच्चार.

७फ३ब, उदाहरणार्थ :
रात्री बारानंतरची बिलं
उद्याच्या तारखेत जातात.
मी पलासियाच्या ऑफिसात बसून ती बंद केली.
शेरा : तारीख ती तारीख. ही चूक नव्हे.

ज्ञानदा त्या रात्री सराफ्यात,
नेट नाही, मांडीवर लॅपटॉप,
सोनाराच्या बंद शटरपुढच्या पायरीवर.
दिवसा तिथे पाटल्या तोलतात,
नऊनंतर बद्रीलालची कढई बसते.
पायरी एक, मालक दोन,
भांडण कधी ऐकलं नाही.
ती आपल्या प्रतीत
७फ३ब पुन्हा उघडत होती.
शेरा : पावणेदोन. गराडूचा शेवटचा घाणा.
बद्रीलाल म्हणतात, कढई गार होईस्तोवर आजच.

सकाळी तिचं काम माझ्यात ओढून घेतलं
आणि यंत्र अडलं.
वर 'बंद', मध्ये बरोबरच्या चिन्हांची रांग,
खाली 'उघडी'.
आता विचारणार कुणाला?
मध्ये सर्व्हर नाही, वर साहेब नाही,
तिची प्रत माझ्याइतकीच खरी.

फोन केला. झोपेत होती.
म्हटलं, बाराला दिवस संपतो, जगाला मान्य आहे.
म्हणाली, जग साडेदहाला झोपतं.
आणि ठेवला.

मग रात्री मीच गेलो.
द्रोण हातात, जिरावणाने बोटं माखलेली,
पाठीमागे शटर, त्याच्यामागे कुलुपातलं सोनं.
बद्रीलालचा मुलगा गल्ला मोजत
'आजचं' म्हणाला
तेव्हा घड्याळ पाहिलं, आणि मला
खोटं पाडता आलं नाही त्याला.

दोन्ही शेरे ठेवले. चिन्हांची रांग पुसली.
एक नवी ओळ घातली :
दिवस कधी संपतो, ते दुकानदार सांगेल.
बोट पुसून नोंद केली, बारा सत्तेचाळीसला.
यंत्राने तिच्यावर उद्याची तारीख मारली.

ज्ञानदाला अजून कळवलेलं नाही.
तिच्या प्रतीत
कालच चालू आहे.