हातचा

ओळ एकशे सतरा. पुरुष, चौतीस.
वजन त्रेचाळीस, मग एकेचाळीस,
मग रकाना रिकामा.
शेरा : पाठपुराव्यातून निसटला.

निसटला, म्हणजे साबण निसटतो तसा.
जणू चूक साबणाची.

रेहाना मुकादम बैंगणवाडीत जाऊन आली होती,
दोनदा, पदरच्या रिक्षाभाड्याने.
तिच्या वहीत पेन्सिलीने आहे :
जरीकाम करायचा. अकराव्या आठवड्यापासून
कानात शिट्टी. बायकोची हाक ऐकू येईना.
गोळ्या बंद. खोली सोडली. शेजारी म्हणतात, गावी गेला.
एक म्हणाली, गावी नाही, वर.

वहीसाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही.

असे तिघं.
धरले तर शून्य पूर्णांक शून्य सात.
वगळले तर शून्य पूर्णांक शून्य चार.
परळला चौथ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत
एवढंच अंतर असतं
औषध चालतं
आणि चालेल असं वाटतं, यांच्यात.

सरपोतदार सर वाईट नाहीत.
आईच्या बायॉप्सीला सकाळी सातला
तेच येऊन उभे राहिले होते, थर्मासमध्ये चहा घेऊन.
खुर्ची ओढून म्हणाले,
"खोटं कुठे लिहायचंय आपल्याला?
ज्यांनी कोर्स पुरा केला, फक्त त्यांच्याबद्दल बोलू."
मी त्या वाक्यात खोटं शोधलं.
सापडलं नाही.
पण पहिल्या पानावर आम्हीच लिहिलं होतं,
एकही गोळी कुणाच्या जिभेवर पडण्याआधी :
नाव नोंदलं, तो शेवटपर्यंत मोजायचा.

दुसरीत खानविलकर बाई पाटीवर वाकून विचारायच्या,
"आणि हातचा कुठे गेला गं?"
माझी बेरीज दिसायची सुबक,
खाली दुहेरी रेघ, आकडे ओळीत.
हातचा तेवढा राहून जायचा.
त्यांनी शिकवलं : बोट मुडपून धर.
मिळवल्याशिवाय सोडू नकोस.

आता साडेआठ. झाडूवाला दिवे मालवत येतोय.
दोन्ही उत्तरं मी एकाखाली एक लिहिलीत,
तिघांसकट, तिघांविना,
कानातली शिट्टी दुष्परिणामांत घातलीय,
आणि रेहानाच्या पानाचा फोटो जोडलाय.
पाठवलेलं नाही अजून.

तीन बोटं मुडपून
टाइप करायला वेळ लागतो.