साल

मृत्यूच्या नोंदीचा कागद.
व्यवसाय, आणि पुढे एवढीशी रेघ,
आगपेटीच्या काडीएवढी.
मागे रांग होती. मी लिहिलं : बूच.
कारकूनबाई म्हणाल्या, विकायचे की बनवायचे?
मी म्हटलं, तरंगायचे.

नाही, तसं नाही म्हटलं.
ते परतीच्या बसमध्ये सुचलं.
खिडकीशी म्हटलं होतं, दोन्ही.

एकोणिसाव्या वर्षी बाबा आजोबांच्या कारखान्यातून पळाले,
अंगाला उकळत्या सालींचा वास घेऊन,
लिस्बनला, फरशा रंगवायला.
निळी गलबतं, निळी लिंबं, निळ्या बायका
दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांसाठी.
सही ते मागच्या बाजूला करत.
अजून असेल, सिमेंटकडे तोंड करून,
कुणाच्या तरी चुलीमागे.

पुढे मालवाहू बोटीवर रेडिओ.
पुढे सेतूबलच्या इस्पितळात क्ष-किरणांची अंधारी खोली,
तिथे दिवसभर लोकांना सांगायचे,
श्वास घ्या, रोखून धरा.
घरी जेवताना आम्हालाही तेच,
आणि 'सोडा' म्हणायचं विसरायचे.

आई म्हणायची, या माणसाला धड एक धंदा नाही.
एव्हारिस्तोकाका म्हणायचा, आहे की,
तो मी सांभाळतोय.

काका गेला तेव्हा बाबा बावन्न वर्षांचे.
अलेंतेजोच्या त्या उन्हात परतले,
चष्म्याच्या दोन जोड्या आणि एक कुंचला घेऊन.
हिशेबाच्या वह्या रात्री जोरात वाचत,
जणू दूरच्या बोटीला कळवतायत.
दारूवाले पत्र्याच्या झाकणांकडे वळले.
चौदा यंत्रांपैकी अकरा विकली,
प्रत्येक यंत्र जाताना
ते फाटकापर्यंत पोचवायला गेले.

ओकची साल नऊ वर्षांनी एकदा काढतात.
पहिली खडबडीत, बाटलीच्या कामाची नाही.
दुसरीही नाही.
तिसरी कुठे बुचाला लागते.
झेफेरीनो हे झाडाबद्दल सांगतो,
कुऱ्हाड टेकवून, पाणी पीत.
मी काय ऐकते ते त्याला कशाला सांगू.

साल उतरली की तिथे साल लिहायचं.
नुसता शेवटचा आकडा, पांढऱ्या रंगात,
उघड्या, तांबूस, ओलसर खोडावर.
हे काम बाबांनी कधी कुणाला दिलं नाही.
त्यांचा सात कमरेवर हात ठेवून उभा.
आठ म्हणजे दोन थेंब, वरचा खालच्यावर टेकलेला.
गडी हसायचे, धनी, झाडं काय वाचणार आहेत?
ते एक पाऊल मागे सरत,
मान तिरकी करून बघत,
मग पुढचं झाड.

घरात त्यांचं एकही चित्र नाही.
मी खरंच शोधलं. पोटमाळ्यावरसुद्धा.

या उन्हाळ्यात सहाच्या झाडांची पाळी.
झेफेरीनोने पात्याचं टोक फटीत घातलं, पिळलं,
आणि बाबांचा सहा अख्खा सुटून आला,
फळीसारखा, आतून ओला.
रचला गेला. उकळायला गेला.
एक तरी ठेवून घ्यावा
हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं,
बसमध्ये सुचावं तसंच.

मग पाच लिहायचा होता.
नऊ वर्षांनी आकडा एक पाऊल मागे येतो,
सहाचा पाच, पाचाचा चार,
झाडं म्हातारी होत जातात आणि उलटं मोजतात.
डबा उघडला. झाकणाला त्यांच्याच बोटांचे ठसे, वाळलेले.
माझा पाच पोट सुटलेला, वर टोपी वाकडी.
झेफेरीनो बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा आहे.
मग म्हणाला, चालेल, डॉक्टरला झाड ओळखतं.

टेकडीच्या पलीकडे सात आहेत, आठ आहेत,
ओढ्यालगत तो गोल, किंचित झुकलेला शून्य.
गेल्या वर्षीचा चार, हात थरथरलेला,
फाट्याजवळच्या झाडांवर.
आठ उन्हाळे पुरतील.

रंग ओला असतानाच एक मुंगी
माझ्या पाचावरून चालत गेली.
तिची पांढरी पावलं
सालीच्या काठापर्यंत दिसत होती.