जुलैचं पान

दत्तनगरातल्या आमच्या खोलीत एक कॅलेंडर होतं,
लूमचे पार्ट विकणाऱ्या कुठल्याशा जपानी कंपनीचं.
तारखा कधीच शिळ्या झाल्या होत्या, चित्रं नाही.
महिना बदलला की नान्ना न चुकता पान उलटायचे.

लाकडी ठशांची चित्रं. प्रत्येक रंगाला ठसा वेगळा,
नान्ना सांगायचे, ग्राफच्या कागदावर पेन्सिल टेकवून,
आपल्या चादरीला जशी
दर धाग्याला एक टोचलेली पट्टी, तसं.
पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या.
मे महिन्यात उंच काठीवर फुगलेले कापडी मासे,
मला ते गड्ड्यातल्या नंदीध्वजांचे
धाकटे भाऊ वाटायचे.

एका पानावर आई पोराला न्हाऊ घालते.
लाल ठसा केसभर सरकलाय,
गालाचा रंग गालाबाहेर.
"रिजेक्ट माल," नान्ना म्हणाले.
अम्मा, सुपातून मान वर न करता:
"ताप असेल त्याला."

जुलैला बांबूवर कागदाच्या पट्ट्या बांधणाऱ्या मुली.
मशीन बसवायला आलेल्या फिटरनं गोष्ट सांगितली होती:
आभाळात एक विणकरीण आहे,
नदीपलीकडे तिचा नवरा गुरं राखतो,
वर्षात एकच रात्र भेट.
त्या रात्री जे हवं ते पट्टीवर लिहायचं.
अम्मानं विचारलं,
"आणि त्या रात्रीचा खाडा धरतात का?"

नान्नांनी त्या बांबूची चादर काढायला घेतली एकदा.
अठराशे पट्ट्या टोचल्या.
शेटजी म्हणाले, मोर काढा. मोर खपतो.
पुढे कारखानाच बंद झाला, पट्ट्या किलोवर गेल्या,
थोड्या अम्मानं ठेवून घेतल्या
विड्यांची बंडलं झाकायला.

त्यातली एक आज माझ्या लेकीनं
दारातल्या कढीपत्त्याला बांधलीय.
लिहिताना अक्षरं भोकांत पडतात,
हरिणीची एक वेलांटी गेलीच.
"अव्वा, तुझं काय लिहू?"

अम्माची बोटं थांबत नाहीत,
कात्री, पान, चिमूटभर तंबाखू, दोरा.
"लिही,
उद्या पान बरं मिळू दे.
मागच्या खेपेचं सगळं फाटकं होतं."