तीट

रुवीतल्या लॅबमध्ये यंत्राला एकच अक्षर येतं:
काळा ठिपका.
कागदाच्या कडेला दिसला की पातं खाली,
खटक,
आणि फोटो ज्याच्या त्याच्या खणात.

काल रात्री बाप राहिला चारशे बाराच्या खणात,
लेकराचा अर्धा गाल गेला
चारशे तेराच्या, कुणाच्या तरी उंटांपाशी.
जोडून पाहिलं तर गालावर तीट.
दाभोळात कुणीतरी काजळाचं बोट टेकवलेलं,
दृष्ट लागू नये म्हणून.

कटर बंद केला. नवी प्रिंट
कात्रीने कापली, श्वास धरून.

सकाळी हमदुले आले. फोटो मोजले, दोनदा.
"हा एवढा एकच वाकडा कसा?"
म्हटलं, यंत्र आहे, चुकतं कधी.
तुकडे माझ्या खिशात होते.