सराव

कळंबोलीच्या स्टील मार्केटमागं, सुखदेवच्या गॅरेजात
आमची गाडी तीन महिने उभी.
मागच्या सीटा काढून फळ्यांचा पलंग,
खाली साठ लिटर पाणी.

जैसलमेरच्या पुढं काही नाही, म्हणतो सुखदेव.
काही नाही म्हणजे?
म्हणजे मीसुद्धा नाही.

मग त्यानं मला जॅक लावायला शिकवलं,
फॅनबेल्ट, पान्याची उलटी बाजू.
हेरंब लांब बसून
मेथकुटाच्या डब्याला चिकटपट्टी लावत होता.

काल इमारतीखाली गाडीतच झोपलो.
वॉचमननं दोनदा काच वाजवली.
पहाटे हेरंब म्हणाला, तू घोरतेस.
घरच्या पंख्याच्या खडखडाटात
बत्तीस वर्षं कळलंच नव्हतं त्याला.

मी उतरले, टॉर्च लावून वाकून पाहिलं:
साठातलं तीन लिटर
रात्रीत गळालेलं.