स्कोअरशीट

पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने,
दुसरा आणि चौथा निळ्या.
असा नियम आहे.
हरायला दोन्ही पेनं सारखीच चालतात
हे मला ऑक्टोबरपर्यंत माहीत नव्हतं.

एकतीस वर्षं नोटप्रेसमध्ये काढली,
जेलरोडवरून सायकलने.
छापताना बिघडलेली नोटही तिथे मोजून घ्यायची,
सही करायची,
मगच ती भुगा व्हायला जायची.
बिघडली म्हणून बेहिशेबी नाही.
रिटायर झालो तेव्हा शरणपूरचे साळवे सर म्हणाले,
टेबलवर बसता का? मोजायचंच काम आहे.

संघाचं नाव नाशिक बिबटे.
उद्घाटनाला ढोलपथक,
आणि द्वारकेच्या चौकात लखवीरचं पोस्टर,
तो मुळात सात फूट, पोस्टर पुलाएवढं.
पहिला सामना चौतीसने गेला.
दुसरा एकोणतीसने; लोक म्हणाले, सुधारणा आहे.
पाचव्यानंतर पोस्टरची एका बाजूची दोरी सुटली
आणि लखवीर वाऱ्यावर
येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांना वाकून नमस्कार करू लागला.

डिसेंबरात खरा बिबट्या
गंगापूर रोडच्या एका बंगल्यात शिरला.
वनखात्याने झोपेचं इंजेक्शन मारून नेला.
दुसऱ्या संध्याकाळी गॅलरीतून कोणीतरी ओरडलं,
अन् यांना कधी मारलं रे?
सगळे हसले. बेंचवरचेही हसले.
मी खाली मान घालून फाउल लिहिला.

नवव्या सामन्यानंतर मालक फोन उचलेना.
द्राक्षं निर्यात करायचा,
म्हणाला होता, थंडी उतरली की बघू.
संघात पगार एकच उरला,
कळवणचा प्रणित पगार.
हा विनोदही त्याचाच,
मिसळीच्या टपरीवर तिसऱ्यांदा रस्सा मागताना.
जोमोनला तो समजायला वेळ लागला,
मग इतका हसला की ठसका लागला,
पाणी, पाणी म्हणून
मराठीतला पहिला शब्द बोलला.

चौदावा.
एकाहत्तर–बाहत्तर. चार सेकंद. लखवीरला दोन फ्री थ्रो.
पत्र्याखाली अशी थंडी
की त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.
पहिला रिंगवर बसला, जरा विचार केला,
बाहेर उतरला.
दुसऱ्याने विचारही केला नाही.
साळवे सरांनी टाळी वाजवली. एकच.
दार लागल्यासारखी.

विजय आहे. नाही असं नाही.
अठराव्या सामन्याला समोरच्यांची बस
कसारा घाटात बंद पडली.
पंधरा मिनिटं वाट बघायची, मग वीस–शून्य.
आमची पोरं वॉर्मअप करून ओळीत उभी,
समोर अर्धं मैदान,
अन्सारने नुकतंच पुसलेलं, चकाकणारं.
रेफरीने घड्याळ पाहिलं,
जिंकलात, म्हणाला, सही करा.
कोणी हात वर केला नाही.

मग प्रणित म्हणाला,
लाइटचे पैसे तर भरलेत ना?
आणि आपसातच पाच-पाच केले.
माणूस कमी पडला तेव्हा अन्सार फडकं ठेवून उतरला,
साळवे सरही, गुडघ्याला पट्टी बांधून.
लखवीरने तसाच, तिथूनच,
डोळे मिटून फ्री थ्रो टाकला,
आत.
तासभर नुसते बुटांचे आवाज.
मी काही लिहिलं नाही.
समोर मोजण्यासारखं असताना
पेनाला टोपण, असं आयुष्यात एकदाच.

बावीसपैकी एकवीस.
शेवटच्या शीटवर रेघ मारली,
लखवीर पंजाब मेलने गेला,
बर्थबाहेर पाय काढून.
पोस्टर कोणीतरी भाजीच्या गाडीवर अंथरलं;
परवा त्याच्या छातीवर
मेथीच्या जुड्या होत्या, ताज्या.

काल प्रणित घरी आला.
अंबडला एका कंपनीत लागलाय, शिफ्टमधून थेट.
चहा घेतला. म्हणाला,
काका, माझे सीझनचे एकूण किती?
दोनशे सहा, मी न बघता सांगितलं.
आणि त्या दिवशीचे?
ते लिहिले नाहीत रे.
अकरा होते, म्हणाला.

मी उठलो, वही काढली,
ड्रॉवर उघडला.
दोन्ही पेनं हातात घेऊन
किती वेळ उभा राहिलो,
लाल की निळं
कळेना.